गावचं कबड्डी मंडळ आणि पोरापोरींची तब्येत

विदर्भातल्या बहुतेक गावांत संध्याकाळी एक तरी जागा अशी असते, जिथं दहा ते वीस वयाची वीस-पंचवीस पोरं रोज जमतात आणि एका माणसाचं ऐकतात. मारुतीच्या देवळामागचं कबड्डीचं मैदान, जिल्हा परिषद शाळेचं पटांगण, नाहीतर पोलीस भरतीची तयारी करणारा पहाटेचा ग्रुप. तो माणूस कधी शाळेतले पी.टी. सर असतो, कधी मंडळाचा जुना खेळाडू, कधी भरतीचं वय निघून गेलेला एखादा दादा. तंबाखूवर शाळेत तासभर व्याख्यान झालं तर पोट्टे माना डोलावतात आणि बाहेर पडतात. मैदानावरच्या या माणसाचं एक वाक्य मात्र घरापर्यंत पोचतं. खेळाच्या मंडळांतून तरुणांचं आरोग्य सुधारायचं, या कल्पनेचा पाया हाच आहे.

या कल्पनेमागचा विचार अधिकृतपणे मांडला गेला १९८६ साली, कॅनडातल्या ओटावा इथं भरलेल्या जागतिक परिषदेत. आरोग्य दवाखान्यात तयार होत नाही. माणसं जिथं शिकतात, राबतात, खेळतात तिथं ते घडतं किंवा बिघडतं, असं तिथल्या जाहीरनाम्यात म्हटलं आहे. पुढं फिनलंडमधल्या संशोधकांनी तीच फूटपट्टी खेळाच्या क्लबांना लावली. क्लबचे नियम काय आहेत, क्लब कशाला मान देतो, रोजचा सराव कसा चालतो आणि आजूबाजूची जागा कशी आहे, या चार बाजूंनी क्लब तपासायचा. विदर्भाला यात फार नवल वाटू नये. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं आहे आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये त्यांच्या पथकानं कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली होती. तालीम म्हणजे नुसते दंड-बैठका नव्हेत, तिथं वागणूकही घडते, हे आपल्याकडं आजोबांच्या पिढीलाही माहीत होतं.

गोंधळ होतो तो इथं: पोरगं मैदानावर जातंय म्हणजे तब्येत सुधारतेच, असं सगळे धरून चालतात. तसं आपोआप होत नाही. खेळ नीट चालवला तर हाडं, फुप्फुसं, झोप, मन सगळ्यांना फायदा होतो. वाईट चालवला तर त्याच मैदानावर गुडघा जातो, उन्हानं माणूस दगावतो, वजन मारायच्या, म्हणजे स्पर्धेसाठी ते झटपट उतरवायच्या, नादात मूत्रपिंडावर ताण येतो. म्हणून मंडळानं वेगळं आरोग्य शिबिर घेण्याआधी आपला रोजचा दीड तास तपासावा.

दीड तासात पोरगं पळतं किती?

पाच ते सतरा वयाच्या मुलामुलींनी दिवसाला सरासरी ६० मिनिटं, दम लागेल आणि घाम येईल अशी हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आठवड्यातून किमान तीन दिवस त्यात जोराचा, स्नायू आणि हाडं कामाला लावणारा व्यायाम हवा. दीड तासाचा सराव म्हटल्यावर हे सहज पुरं होईल असं वाटतं. मोबाइलचं स्टॉपवॉच घ्या आणि एकाच पोरावर डोळा ठेवा. तो हलतो तेव्हा चालू, उभा राहिला की बंद.

पंचवीस पोरं आली आणि एकच मैदान असेल तर सातास सात, म्हणजे १४ आत आणि ११ रेषेबाहेर. आत असलेल्यांतही एक चढाई ३० सेकंदांची. चढाई करणारा पळतो, बाकीचे दोन पावलं पुढं, दोन मागं. त्यात वाद, बूट बांधणं, सरांचं बोलणं. हिशेब केला तर एकेकाच्या वाट्याला खरी हालचाल पंधरा-वीस मिनिटांच्या पुढं फारशी जात नाही. खो-खोत तर पाठलाग करणाऱ्या संघातले आठ जण रांगेत बसलेलेच असतात. आणि जो कच्चा आहे, जाडा आहे, नवा आहे, तो सगळ्यात जास्त वेळ बाहेर. ज्याला खेळाची गरज जास्त, त्यालाच खेळ कमी मिळतो.

उपाय बिनखर्चाचा आहे. पुरुषांचं कबड्डी मैदान १३ बाय १० मीटर असतं. चुन्याची आणखी एक रेघ मारून त्याचे दोन भाग करा, चारास चार खेळवा, तीन मिनिटांनी संघ बदला. उरलेल्यांना बाजूला जोडीनं काम द्या: साखळी पकडणं, पाय ओढून सुटणं, दोरी उड्या. रांग लावून एकेकाला बोलावण्याची सवय मोडा. पूर्ण मैदानाचा सामना शेवटच्या वीस मिनिटांत. असं केलं की त्याच दीड तासात प्रत्येकाच्या वाट्याची हालचाल दुपटीच्या वर जाते.

सुरुवातीची वीस मिनिटं मात्र कापू नका. मैदानाला दोन चकरा आणि हातपाय झटकणं, याला वॉर्मअप म्हणत नाहीत. फुटबॉलसाठी फिफाने बनवलेला एक साचा आहे, तो कबड्डी-खो-खोला थोड्या फरकानं चालतो: ८ मिनिटं हळू पळणं, त्यातच गुडघे बाहेर-आत फिरवणं आणि आडवं पळणं, १० मिनिटं ताकद आणि तोल, म्हणजे प्लँक (कोपरं आणि पायाच्या बोटांवर अंग सरळ ताणून धरणं), एका पायावर ३० सेकंद उभं राहणं, अर्ध्या बैठका, उड्या, आणि मांडीच्या मागच्या स्नायूसाठी जोडीदारानं घोटे धरून गुडघ्यावरून हळूहळू पुढं झुकणं, शेवटी २ मिनिटं वेगात पळणं आणि दिशा बदलणं. आठवड्यातून दोन-तीनदा नेमानं केलं तर दुखापती साधारण तिसऱ्या हिश्शानं कमी होतात, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. यात प्रशिक्षकाचं खरं काम एकच. उडी मारून खाली येताना गुडघे एकमेकांकडं आत वळतात का, ते बघायचं. मुलींमध्ये हे जास्त दिसतं आणि गुडघ्याचा आतला अस्थिबंध तुटण्याचं ते मोठं कारण आहे. पायाच्या पंज्याच्या रेषेत गुडघा, मऊ उतरणं, आवाज कमी. एवढं रोज सांगायचं.

ऊन, पाणी आणि सिकलसेल

‘खेळताना पाणी प्यायचं नाही, पोटात दुखतं’ हा जुना नियम अजून कितीतरी मैदानांवर चालतो. नागपूर, चंद्रपूर, अकोला, वर्धा या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढं जातो. तिथं हा नियम जिवावर बेततो. दर १५-२० मिनिटांनी एक पेला, म्हणजे साधारण २०० मिली पाणी. दीड तासात पंचवीस पोरांना जवळजवळ २५ लिटर लागतं. २० लिटरची एक कॅन पुरत नाही, एवढं मंडळाच्या खजिनदाराला कळलं तरी पुष्कळ झालं. तासाभराच्या आत सराव असेल तर साधं पाणी पुरे. त्याहून लांबला आणि घाम भरपूर गेला तर एक लिटर पाण्यात ओआरएसचं मोठं पाकीट. ते नसेल तर सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ अंदाजानं टाकू नका, जास्त मीठ उलट त्रास देतं.

एप्रिल ते जूनचा मध्य, सराव सकाळी साडेपाच ते साडेसात. संध्याकाळी सहालाही मैदान तापलेलंच असतं. शरीराला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. परीक्षेनंतर घरात बसलेलं पोरगं पहिल्याच दिवशी पूर्ण जोरात पळवू नका. उन्हामुळं नुसतं थकलेला आणि उष्माघात झालेला, यांतला फरक डोक्यावरून ओळखायचा. थकलेला चिडतो, बसतो, त्याला मळमळतं, पण नाव-गाव नीट सांगतो. उष्माघातात तो बरळतो, झोकांड्या खातो, विनाकारण भांडतो किंवा बेशुद्ध पडतो. तिथं गाडी शोधत बसायचं नाही. आधी थंड करायचं: सावलीत न्या, जर्सी काढा, गुरांच्या हौदात डोकं वर धरून छातीपर्यंत बसवा किंवा बादल्यांनी सर्वांगावर सतत पाणी ओता, वारा घाला. १०८ ला फोन त्याच वेळी दुसऱ्यानं करायचा. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

विदर्भात याला जोडून एक गोष्ट कळायलाच हवी. पूर्व विदर्भात आणि मेळघाटात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आढळतो. ज्याच्या रक्तात आई आणि बाप दोन्हीकडून दोष आला तो रुग्ण, म्हणजे एसएस. एकाच बाजूनं आला तो वाहक, म्हणजे एएस. रुग्णानं काय खेळायचं ते डॉक्टर ठरवतील. वाहक पोरगं मात्र रोजच्या जगण्यात ठणठणीत असतं, सगळं खेळू शकतं. त्याला संघातून काढणं चूक आहे. फक्त पाणी कमी, ऊन जास्त आणि विश्रांतीशिवाय लागोपाठ जोरात पळवणं, असं एकत्र आलं तर त्याच्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन स्नायूंचा रक्तपुरवठा अडू शकतो. हे ओळखायचं कसं? पायात गोळा आला की पोरगं ओरडतं आणि स्नायू दगडासारखा कडक लागतो. इथं उलट होतं: पाय लुळे पडतात, पोरगं खाली बसतं, बोलत असतं, स्नायू हाताला मऊच लागतो. ‘नाटक करतोय, उठ’ असं म्हणून त्याला उठवून पळवणं हीच घातक चूक. निजवा, थंड करा, १०८ बोलवा आणि डॉक्टरांना ‘एएस आहे’ हे सांगा.

तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत ती मोठ्या प्रमाणावर चालू आहे. कोणाचं कार्ड कसं आहे ते प्रशिक्षकाला माहीत असावं आणि फक्त प्रशिक्षकालाच. गावात ही गोष्ट फुटली की पोरीच्या लग्नाची बोलणी मोडतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर असले कागद टाकणारा माणूस कितीही चांगल्या मनाचा असला तरी त्याच्याकडून ते काम काढून घ्या.

वावरातलं काम मोजा

शहरात लिहिलेल्या वेळापत्रकांत हा रकाना नसतो. सोयाबीनची सोंगणी, नंतर कापूस वेचणी. दिवाळीच्या आगंमागं पोरगं सकाळी सातपासून वावरात वाकलेलं असतं आणि संध्याकाळी मैदानावर येतं. त्याचा व्यायाम आधीच झालेला आहे. त्या दिवशी त्याला कौशल्याचा हलका सराव द्या. नेमके कबड्डीचे सामनेही याच काळात, थंडीत भरतात, म्हणून घोटे आणि कंबरा तेव्हाच जातात.

फवारणीचा दिवस असेल तर अजिबात सराव नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि मजूर दगावले, ते कोणी विसरलेलं नाही. औषध कपड्यांतून आणि कातडीतून आत जातं. मैदानावर पोरगं खूप घामेजलं, तोंडाला लाळ सुटली, मळमळ, धूसर दिसतंय, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या, तर ते ऊन लागलेलं नसून विषबाधा असू शकते. ‘आज फवारलं का?’ हा प्रश्न आधी विचारा. कपडे काढून साबणानं अंघोळ घाला, औषधाची बाटली किंवा तिचा मोबाइलवर फोटो सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा.

खर्रा

तंबाखूबद्दल सगळीकडं बोलतात, पण विदर्भात बोलायचं ते खर्ऱ्याबद्दल. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीवर घोटून पानठेल्यावर मिळणारा. आठवी-नववीतली पोरं सुरुवात करतात आणि बहुतेकदा सुरुवात मैदानाच्या कडेलाच होते, मोठ्या खेळाडूच्या पुडीतून.

पोरांना कॅन्सरचे फोटो दाखवून फारसा उपयोग होत नाही. चाळिशी त्यांना लई लांब वाटते. जवळचं सांगा. सुपारीनं गालाच्या आतली कातडी ताठ होत जाते आणि तोंड उघडेनासं होतं. सुपारी तंबाखूशिवायही कर्करोगकारक आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं ठरवलेलं आहे, म्हणून ‘मी नुसती सुपारी खातो’ याला अर्थ नाही. मैदानावर करता येईल अशी तपासणी: स्वतःची तीन बोटं उभी धरून पुढच्या दातांमध्ये घालायला लावा. तीन जात नसतील तर तोंड आकसायला लागलं आहे. त्याच्याही आधीची खूण म्हणजे नेहमीचा ठेचा एकाएकी झोंबायला लागणं. या दोन्हींपैकी काही दिसलं तर ग्रामीण रुग्णालयातल्या दंतवैद्याकडं पाठवा. आकसलेलं तोंड आपसूक पूर्ववत होत नाही, पण खर्रा सोडला तर पुढचं बिघडणं थांबायला मदत होते.

मंडळाचा नियम एकच ठेवावा: मैदानाच्या चारी रेषांच्या आत आणि मंडळाच्या कपड्यात कोणीही खर्रा खाणार नाही. अध्यक्ष, पंच, पाहुणे, सगळ्यांना लागू. अध्यक्ष तोंडात तोबरा भरून बक्षीस वाटत असेल तर बाकी सगळा खटाटोप वाया. आणि सामन्यांना पानठेल्याची देणगी घेऊन त्याचा बॅनर लावायचा की नाही, हा पैशाचा प्रश्न आहे हे मान्य. पण बॅनर लावल्यावर पोरांना उपदेश करायचा हक्क उरत नाही. अठरा वर्षांखालच्याला तंबाखू विकणं आणि शाळेपासून १०० यार्डांच्या आत विकणं, दोन्ही २००३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. ग्रामसभेत हा विषय मंडळानं मांडावा.

जो आधीच अडकलाय त्याला संघातून हाकलू नका. मैदान सुटलं की त्याच्याकडं पानठेलाच उरतो. सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट. डोकं दुखतं, चिडचिड होते. तलफ काही मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ तोंडात बडीशेप किंवा भाजलेली जवस, हातात काम. दोघांनी मिळून सोडलं तर टिकतं. १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर सोडण्यासाठी सल्ला मिळतो.

रक्त, भाकर आणि वजन मारणं

मुलगी पळताना लवकर थांबते, धापा टाकते, तेव्हा ‘पोरींचा दमच कमी’ असं म्हणून सोडून देतात. बऱ्याचदा रक्त कमी असतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या देशभरातल्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे रक्तक्षय. पंधराच्या पुढच्या मुलांसाठी हा आकडा १३. खालच्या पापणीचा आतला भाग फिका, माती-खडू खावासा वाटणं, या खुणा.

दहा ते एकोणीस वयाच्यांना आठवड्याला एक लोहाची निळी गोळी मिळते, ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिडची. शाळेत, आणि शाळा सुटलेल्या मुलींना अंगणवाडीत. मुली ती ओढ्यात फेकतात, कारण उपाशीपोटी घेतली की मळमळते. जेवणानंतर घ्यायची, लिंबू किंवा आवळ्यासोबत. पुढं-मागं तासभर चहा नको, चहानं लोह शोषलं जात नाही. शौचाला काळं होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. वर्षातून दोनदा जंताची गोळी. आणि गोळ्या घेऊनही रक्त वाढत नसेल तर सिकलसेल तपासा. ते दुखणं लोहानं बरं होत नाही.

खुराकाच्या बाबतीत तालुक्याच्या गावातल्या जिमनं फार घोळ घातला आहे. रोज खेळणाऱ्या ५० किलोच्या पोराला दिवसाला ६० ते ७५ ग्रॅम प्रथिनं भरपूर झाली. एका अंड्यात ६ ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणात ७-८, मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांत साडेसात, ५० ग्रॅम कोरड्या हरभऱ्यात १०, पेलाभर दुधात ६-७, ३० ग्रॅम सोया वडीत १५. ज्वारीच्या भाकरीतही चार-पाच ग्रॅम येतात. घरचं वरण घट्ट करून दोन वाट्या घेतलं, भिजवलेला हरभरा आणि दोन अंडी जोडली की हिशेब जमत येतो. दोन हजारांचा डबा घ्यायला बापाला कर्ज काढायला लावू नका. सोयाबीन घरचं असेल तरी कच्चं खाऊ नये. शिजवून किंवा नीट भाजूनच. सरावानंतर तासाभरात जेवण मिळणं जास्त महत्त्वाचं. रात्री नऊपर्यंत मैदानावर थांबवलं की पोरगं शिळी भाकर खाऊन झोपतं.

वजनगटाचे सामने हा गावोगावचा लाडका प्रकार: ५५ किलो, ६० किलो. ५८ चा पोरगा ५५ मध्ये बसवायचा म्हणून दोन दिवस पाणी बंद, अंगात रेनकोट घालून दुपारी पळवणं, थुंकत राहणं. वजन उतरतं ते फक्त पाण्याचं. रक्त दाट, पायात गोळे, चक्कर. वर दुखतं म्हणून डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन घेतलं की मूत्रपिंडावर दुहेरी मार. वाढत्या वयाच्या पोराचं वजन स्पर्धेसाठी उतरवायचंच नाही. सामन्याच्या महिनाभर आधी, पाणी पिऊन, साध्या कपड्यात वजन करा आणि जो गट येईल त्यात खेळवा. ट्रॉफी हुकेल. हुकू द्या.

दुखापत: मालिश आधी की एक्स-रे?

काळ्या मातीवरचं मैदान उन्हाळ्यात भेगाळतं आणि पावसात चिकटतं. घोटे तिथंच मुरगळतात. वरची फूटभर माती काढून चाळलेला मऊ मुरूम आणि लाल माती भरली, रोज पाणी शिंपडून खडे वेचले तर निम्मं काम झालं. मातीत शेणखत मिसळत असाल तर धनुर्वाताचा धोका लक्षात ठेवा. सरकारी लसीकरणात दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडीची लस असते; कोणाची राहिली ते वहीत लिहा. खरचटलं की हळद लावण्याआधी वाहत्या पाण्यानं आणि साबणानं पाच मिनिटं धुवा.

घोटा मुरगळला की गावात पहिलं पाऊल मालिशवाल्याकडं. आत रक्त साकळलेलं असताना चोळलं की सूज वाढते, आणि हाड मोडलेलं असेल तर सरकतं. नियम असा: घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडाच्या टोकावर किंवा त्याच्या मागच्या कडेवर बोटानं दाबून दुखत असेल, किंवा पोरगं स्वतःच्या पायावर चार पावलंही टाकू शकत नसेल, तर एक्स-रे. नसेल तर कपड्यात गुंडाळलेला बर्फ १५ मिनिटं, क्रेप बँडेज, पाय उशीवर. दोन दिवसांनी जमेल तेवढं चालायला लावायचं; तीन आठवडे पलंगावर बसवून ठेवणंही चूक.

डोक्याला मार लागला असेल तर नियम त्याहून कडक. धडक झाली आणि पोरगं गोंधळलं, स्कोअर विसरलं, डोकं दुखतंय म्हणालं, की त्या दिवशी मैदानाबाहेर, कितीही ‘मी ठीक आहे’ म्हणू दे. उलट्या, वाढती डोकेदुखी, झोपाळूपणा, फेफरं दिसलं की लगेच रुग्णालय. एक-दोन दिवस विश्रांती, मग चालणं, हलकं पळणं, धडकेविना सराव अशा पायऱ्या, प्रत्येकीला किमान एक दिवस. धडकेचा खेळ डॉक्टरांनी पाहिल्यावरच.

भरतीवाल्यांचं दुखणं वेगळं. जाहिरात निघाली की जो सहा महिने बसून होता तो पहाटे चारला उठून डांबरी रस्त्यावर रोज १६०० मीटर पूर्ण ताकदीनं मारतो. तिसऱ्या आठवड्यात नडगी दुखते. नडगीच्या आतल्या कडेनं पसरलेलं दुखणं भार कमी केला की जातं. एकाच बोटभर जागेवर, रात्री झोपेतही दुखत असेल तर हाडाला बारीक तडा असू शकतो. तिथं पळणं बंद. सुरुवातीला आठवड्यातून चारच दिवस, २०-२५ मिनिटं पळणं-चालणं मिसळून; महिन्यानंतर एखादा दिवस ४०० मीटरच्या चार फेऱ्या, मध्ये तेवढीच विश्रांती; जोराच्या दिवसामागं हलका दिवस. कच्च्या रस्त्यावर पळा. डांबरी घेतला तर समोरून येणाऱ्या गाड्यांच्या बाजूनं. आणि रात्री बारापर्यंत मोबाइल बघून चारला उठणाऱ्याचं शरीर सुधारत नाही. तेरा ते अठरा वयाला आठ ते दहा तास झोप लागते.

प्रशिक्षकाची जीभ, आणि पोरी

पोरं मैदान का सोडतात? बहुतेकदा हरल्यामुळं नाही, अपमानामुळं. उशीर झाला की दहा चकरा, चुकलं की शंभर उठाबशा. पळणं हीच शिक्षा केली तर पळणं कोणाला आवडेल? वर, एकदम शे-दोनशे उठाबशांनी स्नायू फुटून लघवी कोका-कोलासारखी काळपट होऊ शकते. तेव्हा थेट रुग्णालय. शिक्षा द्यायचीच तर माती चाळायला लावा, चुना आखायला लावा. तुलना दुसऱ्या पोराशी न करता त्याच्याच मागच्या महिन्याशी करा: ‘मागं तीन चढायांत दमायचास, आज सहा केल्या.’ चूक सांगायची ती काय करायचं हे सांगून: ‘पाय लांब टाक’, ‘कमरेला धर’. ‘तुझ्यानं होत नाही’ यातून पोराला काहीच शिकता येत नाही.

मुलींसाठी वेळ अशी ठेवा, की त्या अंधाराआधी घरी. ट्रॅक पँटवर खेळायला हरकत नाही, हे आई-बापांसमोर आधीच जाहीर करा. अर्ध्या चड्डीच्या हट्टापायी संघ मोडलेले आहेत. जवळ दार लागणारं शौचालय हवं, पेटीत चार पॅड हवेत. पाळीत खेळता येतं. पोट दुखत असेल तर तिनं कारण न सांगता बसायची मुभा हवी. गावातली एक बाई, जुनी खेळाडू, आशाताई किंवा कोणाची आई, सरावाला कायम हजर.

प्रशिक्षकानं कुठल्याही मुला-मुलीसोबत बंद खोलीत एकटं थांबायचं नाही, रात्री खासगी मेसेज करायचे नाहीत, पकड दाखवताना आधी सांगायचं, शक्यतो मुलीची पकड मुलीवरच दाखवायची. हे प्रामाणिक प्रशिक्षकालाही सोयीचं आहे. अठराखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं पॉक्सो कायदा, २०१२ नुसार बंधनकारक आहे; ‘मंडळाचं नाव जाईल’ म्हणून गावात मिटवणं हाही गुन्हाच. मुलांसाठी मदतीचा क्रमांक १०९८. मन उदास, जीव नकोसा वाटतो असं कोणी बोललं तर १४४१६ वर टेली-मानस.

हे सगळं एका दिवसात होत नाही. आधी एक वही आणि एक पेटी. पेटीत १० सेंटिमीटरची चार क्रेप बँडेज, कापसाच्या पट्ट्या, हातमोजे, जखमेचं औषध, ओआरएसची दहा पाकिटं. झाकणाच्या आत १०८, जवळच्या आरोग्य केंद्राचा नंबर आणि रात्री गाडी काढणाऱ्या दोघांची नावं. वहीत ट्रॉफ्यांऐवजी हजेरी: जूनमध्ये किती आले, फेब्रुवारीत किती उरले, मुली किती, खर्रा सोडलेले किती, आणि जे गेले ते का गेले. सलग सात दिवस न आलेल्याच्या घरी मंडळातलं कोणीतरी जाऊन विचारायचं. दहावी-बारावीच्या वर्षी तर सगळ्यात जास्त गळती. तेव्हा आई-बापांना ‘आठवड्यातून तीन दिवस, पाऊण तास’ एवढंच मागा, ते सहसा देतात.